दगडाबाईचा पिवळा डबा

कुंडलिक भोईटेला घाण बघवत नसे, आणि तो पीएचडी करत होता माणसाच्या शौचावर.

ह्यात त्याचा फारसा दोष नव्हता. ठाण्यातल्या एका कॉलेजात तो मायक्रोबायॉलॉजी शिकवायचा. त्याला गाईड मिळाले ते डॉ. हळबे, आणि हळब्यांचं सगळं आयुष्य माणसाच्या आतड्यात गेलेलं. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "भोईटे, आपण स्वतःला एक माणूस समजतो. प्रत्यक्षात आपण एक अख्खं गाव आहोत. पोटात अब्जावधी जंतू वस्ती करून असतात, आणि त्यातले बहुतेक सज्जन. आता गंमत अशी, की त्या जंतूंनाही फस्त करणारे विषाणू तिथेच राहतात. त्यांना फाज म्हणतात. तुम्ही ते शोधा."

कुंडलिक भारावून हो म्हणाला. शोधायचे कशात, हे विचारायचं सुचलं तेव्हा फॉर्मवर सह्या झालेल्या.

तेव्हापासून त्याची एक पद्धत पडून गेली होती. नाकाला निलगिरीचा रुमाल बांधायचा, डोळे अर्धे मिटायचे, मान भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या धबधब्याकडे वळवायची आणि हाताने चाचपत चमचाभर नमुना काढायचा. तो मिठाच्या पाण्यात कालवायचा, मशीनवर गरगर फिरवायचा आणि इतक्या बारीक गाळणीतून गाळायचा, की जंतू वर अडकायचे आणि विषाणू तेवढे खाली उतरायचे. खाली पडलेलं पाणी नितळ दिसलं, की कुंडलिक डोळे उघडायचा. मग काचेच्या ताटलीवर जुलाबाच्या जंतूंची साय धरवायची, तिच्यावर त्या पाण्याचे थेंब सोडायचे आणि ताटली रात्रभर उबेला ठेवायची. सकाळी सायीला बारीक बारीक भोकं पडलेली दिसली, तर समजायचं की फाज आले आणि जेवून गेले.

वर्षानुवर्षं सकाळी साय बघावी तर अखंड. दुधावरची सुद्धा इतकी छान धरत नाही.

त्यात प्रिन्सिपल परुळेकरांचा त्या खोलीवर डोळा. कॉलेजने टेबल टेनिसचं टेबल घेतलेलं, आणि ते जिन्याखाली उभं करून ठेवलेलं. परुळेकर येता-जाता त्या टेबलाला हात लावून उसासा टाकायचे. कुंडलिकने एकदा लॅबला फ्रीज मागितला, तर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "गू ठेवायला फ्रीज? अरे भोईटे, माझ्या बायकोला लोणी ठेवायला फ्रीज मिळाला तो पोरगी कॉलेजात गेल्यावर!"

आणि शेवटी त्यांनी सांगूनच टाकलं. ह्या टर्मपर्यंत काही दिसलं तर खोली तुझी, नाही तर टेबल आत आणि तुझ्या बाटल्या बाहेर. खोली गेली की पीएचडी गेली, एवढं सरळ होतं.

त्या पावसाळ्यात ठाण्यात गल्लोगल्ली जुलाबाची साथ आली. दवाखान्यांच्या बाहेर रांगा, आणि रांगेतली माणसं मध्येच पळत सुटायची. अशा दिवसांत कुंडलिक मार्केटमधून चाललेला, तर कोलशेतची दगडाबाई कोळीण गिऱ्हाइकाला ठणकावत होती, "आमचे मासल्याला नाव नको ठेवू! अख्ख्या ठान्याला ढाल लागलीत, पन आमचे घरान एकाचा पोट बिघरला नाय!"

कुंडलिक जागच्या जागी थांबला. अख्खं गाव आजारी आणि हिचं घर ठणठणीत? हिच्या पोटात फाज असणार. तो तिच्या पाटीसमोर उकिडवा बसला आणि तिला सगळं समजावून सांगितलं.

"जंतूला खानारा जंतू?" दगडाबाई हसली. "म्हंजे बारक्या मासलीला मोठी खाते तसा?"

"उलटं, मावशी. इथे मोठ्याला बारका खातो."

"जल्ला मेला तो बारका! आनि यो माज्या पोटान हाय?"

"असेल. बघायला लागेल."

"कसा बघशील?"

कुंडलिकने आवाज खाली नेऊन सांगितलं. इतका खाली नेला, की शेजारच्या जनाबाईला ऐकायला पाटी ओलांडून यावं लागलं. "दगडे, आता ता पन इकायला काढलास काय गं?"

"इकत नाय, फुकाट देते," दगडाबाई म्हणाली. "मास्तरचा शिक्षनाचा काम हाय. आन रे तुजा डबा."

बाई शब्दाची पक्की निघाली. दुसऱ्या दिवशी लॅबचा पांढरा प्लास्टिकचा डबा भरून आला. आणि त्याच्या पुढच्या सकाळी कुंडलिकने ताटली उजेडात धरली तर सायीला भोकं! पुरणाच्या चाळणीसारखी, गोल, स्वच्छ, वेगळी वेगळी. तो कॉरिडॉरमध्ये ओरडत पळाला. शिपायाला वाटलं, ह्यालाही साथ लागली.

हळब्यांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "उत्तम. एकदा दिसतं तो योगायोग. त्याच बाईंचा दुसरा, ताजा नमुना घ्या. रविवारी मी येतो, माझ्यासमोर ताटली दाखवा. मग प्रबंध लिहायला बसा." पहिल्या नमुन्याचं पाणी राखून ठेवावं म्हटलं, तर लॅबला फ्रीज नाही, आणि त्याच्यावर बुरशी चढलेली. परुळेकरांनाही रविवारचं आमंत्रण गेलं. ते म्हणाले, "येतो. सोमवारी टेबल हलवायचं की नाही, ते तिथेच ठरवू."

कुंडलिकने पांढरा डबा वाफेच्या भांड्यात शिजवून, घासून, पुन्हा शिजवून असा काही लख्ख केला, की नवरीच्या रुखवतात मांडावा. झाकणावर "दगडाबाई, कोलशेत" अशी चिठ्ठी होतीच. तो त्याने पिशवीत घालून कोपरीला घरी आणला, सकाळी जाता जाता मार्केटात द्यायला.

घरात बेसन भाजल्याचा वास सुटलेला. कुंडलिकची बायको सरस्वती लाडू वळत होती. ती साताऱ्याकडची, हाताला चव, आणि रीतीरिवाजाला कडक. शेजारच्या लक्ष्मीकाकूंची वाटी सुद्धा तिच्या घरातून कधी रिकामी परत गेली नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर. "रिकामं भांडं देऊ नये," ती म्हणायची, "घराला बरं नसतं." कुंडलिक काय करतो ते तिला ढोबळ माहीत होतं. कशात करतो ते त्याने लग्नापासून लपवलेलं. त्याने सांगितलेलं, "पाण्यात."

सकाळी त्याने पिशवी उचलली. आत वह्या, छत्री, डबा. थेट मार्केट गाठलं. दिवसाढवळ्या चार बायकांत हे मागायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं. त्याने डबा दगडाबाईच्या मांडीवर ठेवला, "मावशी, उद्या सकाळपर्यंत," एवढं पुटपुटला आणि सुटला.

"ओ मास्तर!" मागून आवाज आला. "ओ, ह्याच्यान तर..."

कुंडलिक वळलाच नाही. वळला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

शनिवारी कॉलेजच्या वॉचमनकडे दगडाबाईचा नवरा धाकू एक गोणपाटाची पिशवी ठेवून गेला. निरोप काही नाही. पिशवीला सुक्या मासळीचा असा दरवळ, की वॉचमनने ती काठीच्या टोकाला अडकवून कुंडलिकपाशी आणली. आत दोन डबे. एक आपला लॅबचा पांढरा. दुसरा वनस्पती तुपाचा जुना पिवळा, वरून फडकं घट्ट बांधलेलं, सुतळीच्या गाठीवर गाठ.

कुंडलिकला भरून आलं. बिचारीने नमुना तर दिलाच, वर सुकं म्हावरंही पाठवलं. पांढरा डबा त्याने लॅबमध्ये ठेवला आणि दुपारी पिवळा डबा घरी नेऊन दिला.

"सरू, दगडाबाईने सुकं काहीतरी पाठवलंय."

"शनिवारी?" सरस्वतीने पदर नाकाला लावला. "अहो, आज मारुतीचा वार. आणि हे असलं मी कुठल्याच वारी घरात घेत नाही. काय वास आहे! मेलं काय सुकवलंय की सडवलंय?"

"कोळ्यांचं तसंच असतं गं," कुंडलिक जाणत्यासारखं म्हणाला. "मुरलेलं असतं. कर काय करायचं ते." आणि तो परत लॅबला पळाला.

तिथे त्याने रुमाल बांधला, डोळे मिटले, धबधब्याकडे तोंड केलं आणि पांढऱ्या डब्यात चमचा घातला. चमचा आज जरा वेगळाच रुतला. रुमालातून लसणीचा भपकारा आला. कुंडलिक मनात म्हणाला, खाण्यात तिखट-लसूण जास्त, दुसरं काय. कालवलं, फिरवलं, गाळलं. पाणी लालसर आलं. तेही त्याने तिखटावर ढकललं. एका ताटलीवर थेट थेंब सोडला, आणि हळब्यांना आवडतं म्हणून बाकीच्यांवर तेच पाणी पातळ, आणखी पातळ करत सोडलं.

रविवारी सकाळी त्याने पहिली ताटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. भोकं कसली! थेंब पडला तिथे अख्खी साय साफ. नुसतं मैदान. असा फाज जगात कुणाला सापडला नसेल. त्याने मनातल्या मनात त्याचं नावही ठेवून टाकलं, कोलशेत-एक.

डॉ. हळबे वेळेवर आले, पांढरा सदरा, हातात छत्री. परुळेकर आले ते फणफणतच. "रविवार सकाळ हो! अख्खा देश टीव्हीसमोर बसलाय, आज देवाच्या मालिकेत युद्ध आहे, आणि मी इथे जुलाब बघतोय. दाखवा पटकन."

कुंडलिकने ताटली पुढे केली. हळब्यांनी ती उजेडात धरली, चष्मा वर सरकवला, खाली सरकवला.

"भोईटे, ह्याला भोकं म्हणत नाहीत. ह्याला टक्कल पडलंय."

"सर, फाज जोरदार आहे!"

"पातळ केलेल्या कुठे आहेत?"

कुंडलिकने पुढच्या ताटल्या सरकवल्या. त्यांच्यावर साय अखंड होती. त्याचं त्याला मघाशी काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं.

"विषाणू असता," हळबे संथपणे म्हणाले, "तर पातळ केल्यावर टक्कल जाऊन सुटी सुटी भोकं दिसली असती. एकटा विषाणू जरी उरला, तरी तो जंतूत शिरतो, पोरंबाळं करतो, ती शेजारचे जंतू खातात, आणि एक गोल भोक पडतं. विषाणूला संसार असतो, भोईटे. ह्याला संसार नाही. हे जागच्या जागी मारतंय आणि पातळ केलं की दम तुटतो. हे रसायनाचं काम आहे. बाई काही औषध घेतात का?"

"नाही सर. ठणठणीत आहेत."

"मूळ नमुना आणा बघू."

कुंडलिकने पांढरा डबा आणला, झाकण काढलं आणि सवयीने मान धबधब्याकडे फिरवली. मग हळब्यांचा आवाज आला, "भोईटे, तुम्ही हे पाहिलंत?"

"हो सर."

"डोळ्यांनी?"

कुंडलिकने धबधबा आणखी निरखून बघितला.

"मी उभं आयुष्य विष्ठा पाहिली आहे. तिच्यातून सुका जवळा असा अख्खा, डोळे वटारून बघत नसतो." आणि त्यांनी करंगळी डब्यात घातली.

"सर!" कुंडलिक किंचाळला.

"अहो, काय करताय!" परुळेकर मागे सरले ते थेट भिंतीला लागले.

हळब्यांनी करंगळी तोंडात घातली. डोळे मिटले. चव घेतली. परुळेकरांच्या तोंडून नुसता "ओ ओ ओ" असा आवाज येत होता. कुंडलिकने कॅलेंडरचा खिळा धरून ठेवला.

"जवळ्याची चटणी," हळब्यांनी निकाल दिला. "कच्ची लसूण भरपूर, कोकमाचं आगळ. जंतूंना मारायला पुरेसं आहे. मीठ किंचित कमी."

परुळेकरांना आधी कळेचना, आणि कळल्यावर हसू आवरेना. हसून हसून ते स्टुलावर बसले. "अरे भोईटे! चटणीवर पीएचडी! कोलशेतच्या चटणीवर!" डोळे पुसत ते म्हणाले, "पण काय माणसं आहेत रे ही. तुला चटणी, आणि मला डबा."

"तुम्हाला?" कुंडलिक म्हणाला.

"तुझ्या मिसेस काल संध्याकाळी येऊन देऊन गेल्या ना. आमच्या रतनला म्हणाल्या, सरांना सुकी मासळी आवडते असं ऐकलंय, ह्यांच्या खोलीचं तेवढं बघा. हुशार आहे तुझी बायको. पिवळा डबा. फडकं बांधलेला. आज दुपारी तोच बेत आहे."

कुंडलिकच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. ते फिरत होतं तेवढ्या वेळात त्याच्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. बेसनाचा वास. झाकणावरची चिठ्ठी. सरस्वतीला दिसलेला कुणाचातरी लख्ख, रिकामा डबा. "ओ मास्तर, ह्याच्यान तर..." ह्याच्यात तर लाडू आहेत! आणि ज्या डब्यातून लाडू आले, तो डबा दगडाबाई तसल्या कामाला कशाला लावेल? तिने त्यात चटणी भरली, मास्तरच्या बायकोसाठी. आणि मास्तरचं शिक्षणाचं काम तिने घातलं...

"सर," तो म्हणाला, "पिवळ्या डब्यात मासळी नाहीये."

"मग?"

कुंडलिकने हळब्यांकडे बघितलं. हळब्यांनी परुळेकरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रिन्सिपलसाहेब, तुमच्या घरी फोन आहे ना?"

परुळेकरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला.

ऑफिसात तिघांनी फोनभोवती कोंडाळं केलं. पलीकडे घंटी वाजतच होती. परुळेकर रिसीव्हर कानाला लावून घामाघूम. "नाही उचलणार. मालिका चालू असताना ती उचलत नाही. हात जोडून बसलेली असते. गेल्या महिन्यात तिच्या सख्ख्या भावाचा अॅक्सिडेंट झालेला, तरी आरती झाल्यावर उचलला!"

"मालिका संपल्यावर?" कुंडलिकने विचारलं.

"संपली की उठते आणि कढई ठेवते," परुळेकर म्हणाले, आणि गाडीची किल्ली घेऊन धावले.

तिघं फियाटमध्ये कोंबले गेले. रस्ते असे ओस, की कर्फ्यू लागलाय. प्रत्येक खिडकीतून तोच शंख, तेच बाण, तोच कडकडाट. कुठेच आवाज तुटत नव्हता, म्हणजे युद्ध चालू होतं. परुळेकर स्टिअरिंगवर ओणवे होऊन पुटपुटत होते, "चालू दे, चालू दे, मारू नका त्याला इतक्यात." नौपाड्याच्या वळणावर बायकांच्या आवाजात शेवटचं गाणं सुरू झालं. मालिका संपली. परुळेकरांनी गिअर टाकायच्या ऐवजी देवाचं नाव घेतलं, आणि गाडी बंद पडली.

उरलेला रस्ता ते पळाले. पुढे प्रिन्सिपल, मागे कुंडलिक, त्याच्या मागे छत्री सावरत हळबे. दरवाजा उघडाच होता. स्वयंपाकघरातून तेल तापल्याचा वास येत होता, आणि त्याच्यात कांदा.

"रतन! हात लावू नकोस! कशालाच हात लावू नकोस!"

रतनवहिनी झारा घेऊन वळल्या. "काय झालं? कोण गेलं?"

"डबा कुठाय? पिवळा?"

"फ्रीजात," त्या म्हणाल्या. "काल आल्याआल्या ठेवला. काय घाण मारत होता, देवा! गाठ सुद्धा सोडली नाही मी. वरूनच म्हटलं, हे बिघडलंय. पण बिचारी एवढी घेऊन आलेली, टाकायचं कसं? म्हटलं, ह्यांना कसलंही चालतं. वर लसणीची फोडणी मारली की बोटं चाटत खातील."

परुळेकर ओट्याला धरून हळूहळू खाली बसले. "रतन," ते म्हणाले, "म्हणजे तुला वास आलेला. आणि तू मला वाढणार होतीस."

"अहो, मागच्या रविवारी पण बिघडलेलंच होतं. कुठे कळलं तुम्हाला?"

कुंडलिकने फ्रीज उघडला. वरच्या फळीवर श्रीखंडाचं पातेलं, खाली दूध, दही, लोणी, आणि मध्ये दगडाबाईचा पिवळा डबा, थंडीने घाम फुटलेला. गाठी सगळ्या शाबूत. त्याने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या वासाने मळमळलं नाही.

"काय आहे त्याच्यात?" रतनवहिनींनी विचारलं.

शेवटी हळब्यांनी, बाईमाणसासमोर बोलायचं म्हणून छत्री नीट टेकून, शुद्ध मराठीत सांगितलं. वहिनींच्या हातातला झारा सरळ कढईत गेला. त्या गेल्या बेसिनपाशी, आणि तिथून किती तरी वेळ परत आल्या नाहीत.

"माझ्या फ्रीजात," परुळेकर जमिनीवरून म्हणत होते, "रात्रभर. श्रीखंडाशेजारी. सकाळी मी दोन वाट्या खाल्लं."

"घाबरू नका," हळबे म्हणाले. "डबा बंद होता. आणि त्यात जे आहे, साधारण तेच तुमच्याही पोटात आहे. माझ्याही. ह्या क्षणी." ह्याने परुळेकरांना धीर येईल असं त्यांना का वाटलं, कोण जाणे. पण मग ते कुंडलिककडे वळले, आणि त्यांचे डोळे लकाकले. "भोईटे, ह्या उकाड्यात बाहेर राहिला असता, तर नमुना वाया गेला असता. रात्रभर फ्रीजात, बंद डब्यात. इतका उत्तम ठेवलेला नमुना तुमच्या लॅबमध्ये कधी झाला नसता. चला."

त्या दिवशी कुंडलिकने रुमाल बांधला नाही. कॅलेंडरकडे बघितलं नाही. डबा उघडला आणि उघड्या डोळ्यांनी बघितलं. मग बाहेर जाऊन ओकला, आणि परत येऊन पुन्हा बघितलं. खात्री केली. जवळा कुठे नव्हता.

सोमवारी सकाळी जिन्याखाली दोन शिपाई टेबल टेनिसचं टेबल धरून उभे. कुंडलिकने ताटल्या उजेडात धरल्या. पहिलीवर टक्कल. दुसरी, पातळ केलेली, तिच्यावर भोकंच भोकं. तिसरीवर सुटी सुटी, मोजून घ्यावीत अशी, गोल गोल. त्यातलं एक भोक त्याने खरवडून नव्या सायीवर चढवलं, आणि मंगळवारी तिथेही भोकं. संसार होता! दगडाबाईच्या पोटातल्या बारक्याला भरला संसार होता.

परुळेकर मात्र सोमवारीच, पहिल्या ताटल्या दिसताच, स्वतः आले. शिपायांना त्यांनी हातानेच टेबल परत ठेवायला सांगितलं. चेहरा उतरलेला. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "भोईटे, खोली तुझी. पण तो प्रबंध. त्यात सगळं लिहावं लागतं का?"

"पद्धत लिहावीच लागते सर. नमुना कुठून आणला, कसा गाळला."

"कुठे ठेवलेला, ते?"

"तेही."

परुळेकरांनी खिशातून रुमाल काढला. "नाव लिहू नकोस. पाया पडतो. 'एका घरगुती फ्रीजमध्ये' एवढंच लिही. नौपाडा पण नको." मग जरा थांबून, "आणि आणखी एक. तुला फ्रीज हवा होता ना?"

"हो सर."

"आमचाच घेऊन जा. ती त्याला हात लावत नाही. कालपासून दूध दोनदा बाहेर नासलं. काल मला म्हणाली, एक तर हा जाईल नाही तर तुम्ही."

कुंडलिक त्याच संध्याकाळी मार्केटात गेला, पिवळा डबा धुऊन, शिजवून, पिशवीत घेऊन. दगडाबाई त्याची वाटच बघत होती.

"काय रे मास्तर! ज्या डब्यान ता भरून दिला, त्याच डब्यान लाडू घालून देतोस? लाज हाय का नाय?"

"मावशी, मला माहीतच नव्हतं. बायकोने घातले. रिकामा डबा देऊ नये म्हणून."

"ता बरोबर केला तिना," दगडाबाईने लगेच मान्य केलं. "म्हनून मी पन चटनी घातली. लाडू इलेल्या डब्यान मानूस ता कसा घालील?"

"आणि लाडवांचं काय केलंत? टाकले?"

"टाकते कशाला? सोन्यासारखे लाडू." तिने इकडे तिकडे बघितलं. "धाकूने खाल्ले सगले. त्याला सांगितला नाय कनच्या डब्यान इले ता. तू पन सांगू नको. अजून इचारतोय, मास्तरची बायको परत कवा करील."

कुंडलिकने पिवळा डबा पुढे केला. दगडाबाईने तो हातात घेण्याआधी हलवून बघितला. वाजला नाही. मग झाकण उघडून आत वाकून बघितलं, आणि म्हणाली, "रिकामाच आनलास? शिकलेला मानूस तू!"

आठवड्याने हातगाडीवरून फ्रीज लॅबमध्ये आला. चार माणसांनी तो जिन्याने वर चढवला. कुंडलिकने प्लग लावला, फ्रीज घुरघुरला, आणि कुंडलिकला वाटलं, आपल्या आयुष्यात इतका सुंदर आवाज कधी झाला नव्हता. ताटल्या आणि नळ्या मांडायला त्याने दार उघडलं.

मधल्या फळीवर, बरोबर त्या जागी, एक स्टीलची वाटी होती. वर झाकण. आत काठोकाठ श्रीखंड, चारोळ्या लावलेलं.

फ्रीजबरोबर आलेला शिपाई दारातून म्हणाला, "परुळेकर बाईसाहेबांनी आत ठेवायला दिली सर. रिकामं देऊ नये म्हणून."